वाचून झालं, आठवतं काय?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा नारायण पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावलं, तर टेबलाटेबलावर साधारण सारखंच सामान दिसतं. एम. लक्ष्मीकांत यांचा राज्यव्यवस्थेवरचा जाडजूड ग्रंथ, स्टेट बोर्डाची पुस्तकं, क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्स, दोन-तीन रंगांचे हायलायटर आणि मोबाइल. पुस्तकांना निदान शेवटचं पान असतं. मोबाइलला तेही नसतं. सकाळी ‘आजचे करंट’ची पीडीएफ येते, दुपारी कुणा टॉपरची नवी बुकलिस्ट फिरत येते, रात्री अख्खा भूगोल एका बैठकीत संपवून देणारा व्हिडिओ समोर येतो. मुलं-मुली सकाळी लवकर येऊन जागा धरतात आणि रात्री उशिरा खोलीवर जातात. कष्टांत कसूर नसते. कितवं रीडिंग चाललंय म्हणून विचारलं, तर ‘तिसरं’ असं उत्तर मिळतं. पण पुस्तक मिटवून ठेव आणि बलवंतराय मेहता समिती व वसंतराव नाईक समिती यांच्या शिफारशींतला मुख्य फरक सांग, असं म्हटलं की गाडी अडते. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘वाचलंय हो सर, समोर आलं की आठवेल.’

हे पुस्तक त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहिलं आहे.

वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. समोर आलं की खरोखरच ओळख पटते. चार पर्याय दिलेले असतील तर त्यांतला एक ओळखीचा वाटतो आणि पुष्कळदा तोच बरोबर असतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी पर्यायी प्रश्नांची होती तोवर या ओळखीवर बरंच भागत होतं. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली : नऊ पेपर, त्यांतले गुणवत्तेसाठी मोजले जाणारे सात, त्यांचे मिळून १,७५० गुण. हा बदल पुढे ढकलावा म्हणून विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले होते, आणि तो पुढे गेलाही. त्यामागे तयारीला वेळ हवा ही रास्त मागणी होती. मात्र त्या अस्वस्थतेत आणखी एक जाणीव होती, असं मला वाटतं. कोरा कागद पुढे आला की नुसती ओळख कामाला येत नाही. तिथे समोर काहीच येत नाही. जे काही यायचं ते आतून यावं लागतं.

ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिल्याचा सराव करून दुसरं येत नाही, हा या पुस्तकाचा गाभा. उदाहरणं स्पर्धापरीक्षेची घेतली आहेत, कारण वर्गात मला हेच विद्यार्थी भेटतात. पण रोज नवी परिपत्रकं वाचणारा ग्रामसेवक, औषधांची नावं आणि मात्रा सांभाळणारी परिचारिका, फवारणीबद्दल पाच ग्रुपवर पाच सल्ले वाचणारा द्राक्ष बागायतदार, यांचीही गोष्ट फार वेगळी नाही.

माहितीचा ढीग अंगावर येतो ही तक्रार आपल्या पिढीने शोधलेली नाही. झुरिकच्या कॉनराड गेसनरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांतल्या ग्रंथांची सूची छापली, ती छापखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पुस्तकांचा पसारा कुणाच्याच आवाक्यात राहिला नव्हता म्हणून. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये या तक्रारीची नेमकी नस पकडली. माहिती वाढते तेव्हा खर्ची पडतं ते ती घेणाऱ्याचं लक्ष, म्हणून माहितीच्या सुकाळात दुष्काळ लक्षाचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आणखी एक चॅनेल, आणखी एक पीडीएफ, आणखी वेगाने वाचण्याची युक्ती यांनी प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. आधी काय घ्यायचं ते ठरवावं लागतं आणि घेतलेलं टिकवावं लागतं. टिकवण्याचं शास्त्र मात्र बरंच पुढे गेलं आहे, आणि त्यातलं फार थोडं अभ्यासिकेपर्यंत पोचलं आहे.

त्याची सुरुवात हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञापासून होते. त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, ठरावीक काळ जाऊ दिला आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. तासाभरानंतर पुन्हा पाठ करताना मूळ वेळेपैकी सुमारे ४४ टक्के वेळ वाचत होता, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांच्या आसपास आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो. त्यानंतर जे उरतं ते हळूहळू झिजतं. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण उताराचा आकार तसाच असतो. सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवत नाही म्हणून स्वतःला मंदबुद्धी ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला हा आलेख मी आधी दाखवतो. विसरणं हा दोष नाही, तो मेंदूचा रोजचा व्यवहार आहे.

मग विसरणं थांबवायचं कसं? बहुतेकांचं उत्तर असतं ‘पुन्हा वाचायचं’. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांचा २००६ मधला प्रयोग इथे बोलका आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ५६. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट दिसली. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाटत होता, आणि प्रत्यक्षात त्यांनाच कमी आठवलं. पान ओळखीचं झालं की वाचन गुळगुळीत होतं, आणि तो गुळगुळीतपणा आपण ज्ञान समजून बसतो. ‘तिसरं रीडिंग’चा सगळा भ्रम यात आहे. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने विभागणं या दोनच पद्धतींना त्यांनी वरची श्रेणी दिली. हायलायटर आणि पुनर्वाचन तळाला गेले.

आठवायचा प्रयत्न म्हणजे डोक्यात काय शिल्लक आहे त्याची नुसती मोजणी नव्हे. त्या प्रयत्नातच आठवण पक्की होते. थोडं विसरायला झाल्यावर, जरा ताण देऊन आठवावं लागलं, तर ती जास्त पक्की होते. म्हणून उजळणीत अंतर हवं, आणि जितका दीर्घकाळ लक्षात ठेवायचं असेल तितकं ते अंतर मोठं हवं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये यासाठी पत्त्यांची पेटी सुचवली. प्रश्न एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला. उत्तर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, म्हणजे पुढची पाळी उशिरा; चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. आज मोबाइलवर ‘अँकी’ हेच काम करतं. पण पेटी, अ‍ॅप की साधी वही, हा मुद्दा दुय्यम आहे. उत्तर झाकून आधी स्वतः सांगायचं, हा मुख्य.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हटला जाई, तो आठवून पाहा. पाढे रोज, पुस्तकाविना, मोठ्याने. आणि चुकलं की घरातलं कुणीतरी तिथल्या तिथे दुरुस्त करणार. आठवणं, अंतर आणि तत्काळ दुरुस्ती या तिन्ही गोष्टी त्यात होत्या. वेदपाठींनी तर चूक शिरूच नये अशी रचना केली. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशा पदांच्या जोड्या. जटापाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनपाठात याच्याही पुढची उलटसुलट गुंफण. एकच मजकूर इतक्या वाटांनी म्हटला की एखादं अक्षर ढळलं तर लगेच उघडं पडतं. त्याचबरोबर हेही सांगायला हवं की ती परंपरा ठरावीक जातींच्या पुरुषांपुरती बंद होती. त्या दाराबाहेर राहिलेल्यांनी आपली स्मृती वेगळ्या साधनांनी जपली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या सांगणाऱ्या कितीतरी बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चाल, यमक, जात्याची फिरत आणि भाऊ, सीता, पंढरी असे ठरलेले विषय. एक धागा हाती लागला की पुढची ओवी आपोआप सुचे. कोणत्याही आठवणीला असा धागा लागतो. अभ्यासातही तो मुद्दाम बांधून ठेवावा लागतो.

म्हणून जुन्या पाठांतराकडे परत चला, असं मात्र मी म्हणत नाही. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पंतोजींच्या शाळेत घोकून घेतले जात, कारण शेर, पायली आणि आण्यांच्या व्यवहारात ते रोज लागत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापं आली, आणि त्या पाढ्यांचं काम संपलं. ते गेले याची हळहळ वाटायला हरकत नाही, पण आज ते पाठ करवून घेण्यात अर्थ नाही. काय पाठ असावं हे त्याचा उपयोग कुठे आणि किती वेळा पडतो त्यावर ठरतं. घोकंपट्टीवर टीका झाली ती अर्थ न कळता घोकण्यावर, आणि ती योग्यच होती. आपण मात्र त्या टीकेच्या भरात पुस्तक मिटवून आठवण्याची सवयही सोडून दिली.

‘सगळं गुगलवर असताना डोक्यात कशाला ठेवायचं?’ हा प्रश्न हल्ली हमखास येतो. त्याचं उत्तर आपल्या मेंदूच्या मर्यादेत आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या घटकांची संख्या जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती चारपर्यंत खाली आणली. मात्र एक घटक केवढा असावा यावर बंधन नाही. १, ८, १, ८ हे चार सुटे आकडे आहेत. पेशवाईचा शेवट माहीत असणाऱ्याला ते एकच साल आहे, आणि त्याच्यामागे अख्खा कालखंड उभा आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंना पट पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातली मांडणी निष्णात खेळाडूंनी नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक पुन्हा लावली. मोहरे वाटेल तसे विखुरले तेव्हा त्यांची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्यांची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्यांच्याकडे डावांचं ज्ञान होतं. ज्याच्या डोक्यात काही आहे त्यालाच नवी माहिती लवकर चिकटते, आणि शोधायचं काय हेही त्यालाच कळतं.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘मेमरी पॉवर’ वाढवून देणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहणं. १९८० मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याची गोष्ट नोंदवली. दीर्घ सरावानंतर तो ऐकलेले ७९ आकडे ओळीने परत सांगू लागला. तो धावपटू होता आणि आकड्यांना शर्यतींच्या वेळा म्हणून बांधत असे. त्यालाच आकड्यांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो पुन्हा सहाच्या घरात आला. स्मरणाची सामान्य ताकद वाढत नसते. वाढतं ते त्या त्या विषयातलं कौशल्य. स्थानपद्धतीसारख्या जुन्या युक्त्या, म्हणजे ओळखीच्या घराच्या खोल्यांत मनाने वस्तू मांडत जाणं, यादी पाठ करायला खरोखर उपयोगी आहेत आणि पुस्तकात त्यांना एक प्रकरण दिलं आहे. पण त्यांनी राज्यघटना समजत नाही.

सगळंच डोक्यात ठेवायचं नाही, हे एकदा मान्य केलं की टिपणांना त्यांची जागा मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतचा ऐतिहासिक कोश सिद्ध होऊ लागला. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून शब्द वेचले गेले आणि एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या कुणी पाठ कराव्यात अशी अपेक्षा नव्हती. त्यासाठी कप्पे होते, क्रम होता. पण हातातल्या चिठ्ठीवरचा शब्द तिथे कोणत्या अर्थाने आला आहे हे ठरवायला मात्र संस्कृत मुरलेलं डोकंच लागत होतं. हीच वाटणी अभ्यासातही करावी. तपशील, आकडेवारी, योजनांच्या तारखा टिपणात. चौकट, कारणं आणि तुलना डोक्यात. आपली टिपणं बहुधा याच्या उलट असतात. चौकटीशिवाय तपशीलच तपशील, आणि तेही पुस्तकातून जसेच्या तसे उतरवलेले.

सुरुवातीला आलेल्या पंचायतराजच्या विषयावरच हे लावून पाहू. बलवंतराय मेहता समिती १९५७ ची. तिने तीन स्तर सुचवले आणि भर पंचायत समितीवर दिला. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौरला सुरुवात झाली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने तो भर जिल्हा परिषदेकडे नेला. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १९७८ मध्ये अशोक मेहता समितीने दोनच स्तर सुचवले. ७३ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा तीन स्तर स्वीकारले, पण वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्यांना मधला स्तर न ठेवण्याची मुभा दिली. म्हणून गोव्यात आज ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. हे सारं पिवळ्या शाईने रंगवता येईल. त्याऐवजी पुस्तक मिटवून एवढंच विचारा : प्रत्येक समितीने सत्ता कोणत्या पातळीवर ठेवली, आणि का? उत्तर मोडकंतोडकं येईल. ते कागदावर उतरवा, मग पुस्तक उघडून तपासा. तपासणं टाळू नका. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं आहे की आठवताना माणूस मजकूर आपल्या समजुतीप्रमाणे नव्याने घडवतो आणि तरीही तो मूळचाच आहे अशी त्याची खात्री असते. चूक पक्की व्हायच्या आत दुरुस्त झाली पाहिजे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. दर वेळी कागद कोरा.

दोन गोष्टी थोडक्यात, कारण त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. एक लक्षाची. काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग आधीच्या कामातच घुटमळत राहतो, असं सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. प्रकरणाच्या मध्यावर चॅनेल बघून येणं फुकट पडत नाही ते यामुळे. दुसरी झोपेची. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांना १९२४ मध्येच आढळलं होतं की शिकल्यानंतर जागं राहण्यापेक्षा झोपल्यावर कमी विसरलं जातं. परीक्षेआधीच्या रात्री जागवून मिळणारी पानं महाग पडतात.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. पहिला भाग निवडीचा आहे : अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षांचे प्रश्न हाताशी धरून काय वाचायचं नाही ते ठरवणं. दुसरा आठवण्याचा, तिसरा उजळणीच्या वेळापत्रकाचा, चौथा टिपणांचा. पहिल्या भागाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. विद्यार्थ्यांना तो सर्वांत जड जातो, कारण एखादी पीडीएफ न उघडता पुसून टाकायला धैर्य लागतं. आपण काहीतरी मोलाचं गमावतोय, बाकीचे मात्र ते वाचताहेत, ही धास्ती अभ्यासिकेत फार पसरलेली असते.

दुसऱ्या प्रकरणापासून प्रत्येक प्रकरणाची सुरुवात आधीच्या प्रकरणांवरच्या प्रश्नांनी होते. त्यांतले काही लगतच्या प्रकरणाचे आहेत, काही मुद्दाम चार-पाच प्रकरणं मागचे. उत्तरं पुस्तकात छापलेली नाहीत. ती मागच्या पानांत शोधून तपासायची आहेत, तीही आधी स्वतः लिहून झाल्यावर. हे कंटाळवाणं आहे. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी येतं, हे त्यातून वारंवार कळत राहतं आणि ते कुणालाच आवडत नाही. पण ही टोचणीच या पद्धतीचा मोबदला आहे : काय येत नाही हे परीक्षेच्या खोलीत कळण्याऐवजी आज, दुरुस्तीला वेळ असताना कळतं. प्रश्न ओलांडून सरळ वाचत गेलात तर हे पुस्तक चारेक बैठकांत संपेल आणि तुमच्या यादीत आणखी एका रीडिंगची भर पडेल. प्रश्न सोडवत गेलात तर याला काही महिने लागतील. ते तेवढ्यासाठीच लिहिलं आहे.